तात्पुरती अपात्र

बोलता बोलता कॅप्टन खानझोडे थांबले.

आम्ही सेसनामध्ये होतो. छोटं, दोन माणसांचं शिकाऊ विमान. मी डावीकडे, ते उजवीकडे. खाली एप्रिलमधला विदर्भ पसरलेला, कापणी झालेली करडी शेतं, मधूनच एखादा पळस. मला ते तीव्र वळण शिकवत होते, म्हणजे विमान एका अंगावर चांगलंच कलवून गोल फिरवायचं आणि फिरवताना उंची सोडायची नाही. माझं दोनदा चुकलं होतं. म्हणून त्यांनी "कंट्रोल माझ्याकडे" असं म्हणून दांडा हातात घेतला आणि स्वतः वळण घ्यायला सुरुवात केली.

"हे बघ देवतळे, नाक खाली जायला लागलं की लगेच..."

आणि पुढे काहीच नाही.

मला वाटलं, मुद्दाम थांबलेत. त्यांची ती सवय होती. अर्धं वाक्य सोडायचं आणि पुढचं आपल्याकडून काढून घ्यायचं. मी म्हटलं, "लगेच मागे ओढायचं, सर."

उत्तर आलं नाही. विमानाचं नाक खाली खाली चाललं होतं. वाऱ्याचा आवाज वाढला. मी मान वळवून पाहिलं तर सर समोर बघत होते, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. उजव्या हाताची बोटं पट्ट्याचं बक्कल चाचपत होती, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते.

"सर? सर!"

त्यांचा डावा हात दांड्यावर नुसता ठेवलेला होता. मी तो बाजूला सारला. सहज सरकला, एखाद्या झोपलेल्या मुलाचा असावा तसा. इंजिन कमी केलं, पंख सरळ केले, नाक हळूहळू वर आणलं. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. पण ते करताना शेजारून एकही शब्द येत नाही, हे माझ्यासाठी नवीन होतं. एकटीनं उडायची परवानगी मला मिळाली होती, तीही नुसत्या धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांपुरती. शेजारी माणूस असून एकटं असणं हे फार वेगळं असतं.

विमान सरळ झालं. थोड्या वेळानं सर हलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर पाहिलं.

"हं," ते म्हणाले, "तर नाक खाली गेलं की..."

आणि पुन्हा थांबले. या वेळी मात्र शुद्धीवर राहून. त्यांची नजर उंचीच्या काट्यावर गेली होती. मग दिशेच्या. मग माझ्या हातांवर.

"आपण एवढे खाली कसे आलो?"

मी दांडा धरून समोर बघत राहिले.

"देवतळे, कंट्रोल तुझ्याकडे कधी आला?"

"मी घेतला, सर."

"मी दिला नव्हता?"

"नाही."

त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"ठीक आहे. आता हे विमान तुझं. घरी चल. रेडिओवर तूच बोलायचं, उतरवायचंही तूच. आणि नीट ऐक. यानंतर मी कशालाही हात लावला, तर माझा हात झटकून टाकायचा. मी कितीही शहाण्यासारखं बोलत असलो तरी. समजलं?"

"समजलं, सर."

परत येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. माझं उतरणं काही चांगलं झालं नाही. चाकं आपटली, विमान एकदा उसळलं. एरवी अशा वेळी त्यांचा हात आपोआप दांड्याकडे यायचा. त्या दिवशी बोटं पांढरी पडेस्तोवर त्यांनी हात बांधून ठेवले होते. आजही मला त्या उतरण्यातलं तेवढंच आठवतं.

*

कॅप्टन उदयन खानझोडे तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि त्या उड्डाण शाळेतले एकमेव प्रशिक्षक. आमच्या आर्वीपासून ती शाळा तशी जवळ. बारावी झाल्यावर बाबांना घेऊन मी पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा बाबांच्या खिशात फीचा पहिला चेक होता आणि चेहऱ्यावर नाखुशी. माझे बाबा, देवतळे सर, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे. मुलीनं इंजिनिअर व्हावं हे त्यांनी मी सातवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. मी फार हट्ट केला म्हणून एक वर्ष दिलं होतं. वर्षभरात लांबच्या पल्ल्याचं उड्डाण एकटीनं करण्यापर्यंत मजल गेली तर पुढचं बघू, नाहीतर पुढच्या जूनमध्ये गपचूप इंजिनिअरिंग.

कॅप्टननी चेक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"आधी मेडिकल करून या."

"ते नंतर होतंच की," शेजारी उभे असलेले शाळेचे मालक पालीवाल म्हणाले.

"नंतर नाही. आधी," कॅप्टन बाबांकडे बघत म्हणाले. "सर, लोक घरदार विकून फी भरतात, पोरगं वर्षभर शिकतं आणि मग कळतं की कानात दोष आहे, नाहीतर रंग ओळखता येत नाहीत. विद्यार्थ्याला दुय्यम दर्जाचं मेडिकल पुरतं, पण विमान चालवून पोट भरायचं तर पहिल्या दर्जाचं लागतं. दोन्ही करून घ्या. मगच चेक आणा."

मी पहिल्या दर्जाच्या तपासणीला गेले आणि तिथं माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. 'तात्पुरती अपात्र' असा शेरा मिळाला. मी रडतच त्यांना फोन केला.

"काऊन रडतेस?" ते म्हणाले. "दोन शब्द आहेत ना? त्यातला पहिला वाच. पालेभाज्या खा, गोळ्या घे अन् परत जा."

मी दोन महिने आईच्या हातची करडईची भाजी खाल्ली. परत गेले, पात्र ठरले, आणि मगच तो चेक वटला.

सांगायचं कारण असं, की या माणसानं मला विमान शिकवायच्या आधी मेडिकल म्हणजे काय ते शिकवलं होतं.

*

विमान जागेवर लावलं, इंजिन बंद केलं. पंखा थांबला तरी आम्ही दोघं आतच बसलो होतो. आत भट्टीसारखं तापायला लागलं.

"मी किती वेळ नव्हतो?" त्यांनी विचारलं.

"थोडाच वेळ, सर."

"थोडा म्हणजे?"

"मी तीन-चार हाका मारल्या."

"डोळे मिटले होते?"

"उघडे होते." मग मी बोटांचं सांगितलं, ओठांचं सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते, दुसऱ्या कुणाची तरी हकिगत ऐकावी तसे.

"सर, ऊन फार आहे," मी म्हणाले. "तुम्ही सकाळपासून नुसता चहा घेतलाय. चक्कर असेल."

"देवतळे, तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मीही नाही. मग निदान कशाला करतेस? तू माझ्याबरोबर पालीवालकडे चल. जे पाहिलं तेवढं सांग. कमी नाही, जास्त नाही."

मला त्याचा अर्थ कळत होता. लांबच्या उड्डाणासाठी माझी चाचणी त्याच आठवड्यात होती आणि ती घेण्याचा अधिकार फक्त त्यांना होता. ते जमिनीवर आले की शाळा जमिनीवर आली. आणि जून काही लांब नव्हता.

"सर," मी म्हणाले, "तुमच्याशिवाय इथं कोणीच नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि दार उघडून उतरले.

पालीवाल ऑफिसात कुलर लावून बसले होते. माणूस वाईट नव्हता. डबघाईला आलेली शाळा त्यांनी उभी केली होती आणि कॅप्टनच्या जोरावर ती चालत होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कॅप्टननी उभ्याउभ्याच सांगितलं, "आज हवेत माझी शुद्ध गेली होती. हिनं विमान आणलं."

पालीवालांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उठून दार लावून घेतलं.

"बसा हो आधी. पाणी घ्या. उन्हाचं होतं असं. गेल्याच महिन्यात तुमचं मेडिकल झालंय, एकदम ठणठणीत."

"मेडिकल त्या दिवशीचं होतं."

"अहो, पण कागद तर वर्षभर चालतो ना?"

"कागद चालतो. मी चालत नाही." कॅप्टन शांतपणे म्हणाले. "माझ्यात काहीतरी बिघडलंय हे मला माहीत असताना मी वर जाऊ शकत नाही. हा नियम तुम्हालाही पाठ आहे."

"आठ दिवस सुट्टी घ्या. नागपूरला खाजगीत दाखवा. काही निघालं तर बघू, नाही निघालं तर या परत. उगाच आजच्या आज सगळीकडे कळवून ठेवलं तर तुमचं लायसन गेलं समजा. चोपन्नाव्या वर्षी काय करणार तुम्ही? तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

कॅप्टन खिडकीकडे वळले. हा प्रश्न त्यांना लागला हे मला दिसलं.

पालीवाल माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. "बेटा, तू सांग. खरंच शुद्ध गेली होती? की जरा डोळा लागल्यासारखं? तू नवीन आहेस, घाबरली असशील."

मी "नक्की सांगता येत नाही" एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांचंच निभावलं असतं. त्यांचं, पालीवालांचं, माझं. मी कॅप्टनकडे पाहिलं. वाटलं, ते डोळ्यानं काहीतरी खूण करतील. ते माझ्याकडे बघतच नव्हते. खिडकीबाहेर पाहत होते. जे सांगायचं ते मी माझं मी सांगावं म्हणून.

"डोळा लागला नव्हता," मी म्हणाले. "डोळे उघडे होते. मी हाका मारल्या, त्यांना ऐकू आल्या नाहीत. विमान खाली चाललं होतं. मी त्यांचा हात काढला."

पालीवाल खुर्चीत बसले.

कॅप्टन बाहेर आले. व्हरांड्यात मोठा पांढरा फळा होता. कोण, कधी, कोणत्या विमानातून, कोणाबरोबर, हे रोज त्यावर लिहिलेलं असायचं. उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. फडकं शोधायच्या भानगडीत न पडता त्यांनी तळहातानं सगळे 'खानझोडे' पुसून टाकले. मग काळा झालेला हात पँटला पुसला आणि जीपची किल्ली पालीवालांच्या ड्रायव्हरकडे दिली.

"तू चालव रे बापा," ते म्हणाले. "आता हेही नको."

*

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आठवड्याभरानं मी फोन केला तेव्हा कॅप्टन हसत होते. खोटं हसणं नव्हतं ते.

"तीस वर्षं डॉक्टर मला 'फिट' म्हणत आले, देवतळे. आताही 'फिट'च म्हणाले. अर्थ तेवढा बदलला."

मेंदूतून येणाऱ्या फिट होत्या त्या. औषधानं आटोक्यात राहणाऱ्या, पण वैमानिकाला कायमच्या खाली उतरवणाऱ्या. या वेळच्या शेऱ्यात 'तात्पुरता' हा शब्द नव्हता.

शाळेचं उड्डाण बंद पडलं. मी बॅग भरून घरी आले. बाबांना एवढंच सांगितलं की प्रशिक्षक आजारी आहेत. बाकीचं सांगायची छाती झाली नाही. मुलीच्या शेजारी बसलेला शिक्षक हवेत बेशुद्ध झाला, हे कळल्यावर कोणता बाप तिला परत पाठवेल? बाबांनी इंजिनिअरिंगची माहितीपुस्तकं टेबलावर काढून ठेवली. मीही ती चाळायला लागले.

मे महिन्यातल्या एका दुपारी दाराची कडी वाजली. कॅप्टन खानझोडे उभे होते. डोक्याला रुमाल बांधलेला, शर्ट घामानं चिकटलेला. एस.टी.नं आले होते. गाडी चालवायलाही बंदी झाली होती.

आईनं पन्हं दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला आणि बाबांना म्हणाले, "सर, हिनं तुम्हाला सगळं सांगितलंय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"मग मी सांगतो," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. वळण, नाक खाली जाणं, त्यांचा हात. काहीही सौम्य केलं नाही. "मी तिथं बसलो होतो, पण नव्हतो. हिनं वेळेवर हात घातला नसता तर आम्ही दोघंही आज नसतो. तुमची मुलगी मी सांभाळायची होती. तिनं मला सांभाळलं. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. बाबांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"हे सांगायला एवढ्या उन्हात आलात?"

"हे एक. दुसरं म्हणजे हिचं शिक्षण थांबवू नका, हे सांगायला आलो. माझा एक जुना सहकारी दुसऱ्या शाळेत आहे. त्याच्याशी बोललोय, तो हिला घेईल. आणि सर, बरोबरीनं पदवी करू द्या. बाहेरून करू द्या, सावकाश करू द्या, पण करू द्या. उडणाऱ्या माणसाला दरवर्षी डॉक्टरसमोर उभं राहावं लागतं. एक ना एक दिवस नाही म्हणतातच. त्या दिवशी हातात दुसरं काही पाहिजे."

"तुमच्या हातात काय आहे?" बाबांनी विचारलं. प्रश्न कठोर होता, पण विचारला शिक्षकानं विचारावा तसा.

"काही नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, फ्लाइंग क्लबात जागा मिळाली, कॉलेज सोडलं. वाटलं, आता कशाला लागतंय."

"विषय?"

"गणित."

बाबा उठले. मग चपला घालून त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. परत आले ते सरळ आपल्या खोलीत. मला वाटलं, संपलं सगळं.

सकाळी पाहिलं तर टेबलावरची माहितीपुस्तकं नाहीशी झालेली. बाबा म्हणाले, "त्या दुसऱ्या शाळेचा फोन नंबर दे. आणि मुक्त विद्यापीठाचे दोन अर्ज मागवतोय."

"दोन कशाला?"

"एक तुझा," बाबा म्हणाले. "रविवारी ते येणार आहेत. तीस वर्षांत इंटिग्रेशन पार विसरलेत."

मग ते येत राहिले. दर रविवारी एस.टी.नं. मी दुसऱ्या शाळेत गेले, लांबचं उड्डाण केलं, व्यावसायिक लायसन मिळवलं. आणि घरी आले की ओसरीवर हे दृश्य ठरलेलं. बाबा पाटीवर गणित घालतायत आणि हजारो तास उडालेला एक माणूस पेन्सिल चावत बसलाय. चुकलं की बाबा रागवायचे, मला रागवायचे तसेच. लायसन हातात घेऊन मी आले त्या दिवशीसुद्धा बाबा म्हणाले, "थांब जरा, एवढी पायरी होऊ दे." दोघांनीही मान वर केली नाही. ती पायरी झाली आणि मग दोघंही एकदम रडायला लागले.

कॅप्टन अठ्ठावन्नाव्या वर्षी पदवीधर झाले. आता ते एका शाळेत हवामान आणि दिशाशोधन शिकवतात. त्यांच्या वर्गातून कितीतरी पोरं उडून गेली.

*

त्या मे महिन्यातल्या रात्री बाबांनी काय विचार केला, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते कळलं थेट गेल्या दिवाळीत. मी सुट्टीवर होते. आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेले काळमेघ नावाचे गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. तिला वैमानिक व्हायचं होतं. फराळ चालला होता. कॅप्टनही आले होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत चिवडा खात होते.

मुलीचे प्रश्न संपल्यावर काळमेघांनी बाबांना विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटली? एकुलती एक मुलगी."

"वाटली की," बाबा म्हणाले. "मी तर पाठवणारच नव्हतो. वर्षभराचं नाटक करून इंजिनिअरिंगला घालणार होतो. काहीही झालं असतं तरी घालणार होतो."

हे मला नवीन होतं.

"मग?"

"मग एक माणूस घरी आला. भर उन्हात एस.टी.नं आला आणि मला म्हणाला, माझ्यामुळे तुमची मुलगी मेली असती. कुणी विचारलं नव्हतं त्याला. त्या दिवशी शाळेत गप्प बसला असता तर नोकरी राहिली असती, माझ्याकडे आला नसता तर मान राहिला असता, मला कळलंही नसतं. रात्रभर झोप नाही आली मला. सकाळी वाटलं, ज्या कामात माणसं अशी स्वतःला स्वतः खाली उतरवतात, त्या कामात माझी मुलगी असू दे. इंजिनिअरिंग शिकून असा माणूस तिला कुठं भेटला असता?"

कॅप्टनच्या हातातला चमचा बशीतच राहिला. ते उठले, दारातून ओसरीवर गेले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले. बाबांनीही त्यांना हाक मारली नाही.

काळमेघांना काही उमगेना. त्यांनी वाकून हळूच विचारलं, "हे कोण?"

"कॅप्टन खानझोडे," बाबा म्हणाले. "माझे विद्यार्थी."